आठशेच्या इंजिनाला खिडक्या

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

ताईने ओवाळलं, ओवाळणी घातली, ताटात करंजी पडली. एवढ्यात भाची पुढे आली, "आईला मिळाली, माझं काय?" नववीत आहे. डिसेंबरात शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिने विषय घेतलाय गाडीचं इंजिन. मागच्या वर्षी कुणीतरी थर्माकोलचा पिस्टन केला होता, तो रंग द्यायच्या आधीच वाकडा झाला. तिला तसलं नकोय. "मामा, तुझ्या गाळ्यात खरं इंजिन कापता येईल ना?"

येईल. भांडुपच्या गाळ्यात लेथवर सव्वीस वर्षं काढली आहेत. पण नवीन भाग बनवणं माझा धंदा, चालत्या वस्तूला भोकं पाडणं नव्हे. तरी हो म्हटलं. अट एकच घातली की वही तिने ठेवायची. तिची अट अशी की मीही ठेवायची. म्हणून हे लिखाण.

ठरलं ते असं: इंजिनाला खिडक्या पाडायच्या, हाताने हँडल फिरवलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह हलताना दिसले पाहिजेत, आणि स्फोटाच्या जागी दिवा लागला पाहिजे.

९ नोव्हेंबर, शनिवार

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. माझ्या मनात पद्मिनीचं इंजिन होतं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, आणि प्रीमियरचा कारखाना याच कुर्ल्यात होता. गेल्या वर्षी ऑक्टोबरात काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली आणि भंगाराचा भाव एकदम शौकाचा भाव झाला. दुकानातले चाचा हसले, "भाऊ, फियाट का इंजन अब शोकेस में रखते हैं लोग."

मग मारुती ८०० बघितलं. कार्बोरेटरवालं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली, जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, त्यामुळे माल भरपूर आहे. पाच-सहा इंजिनं ओळीने पडली होती. पुलीच्या बोल्टाला पाना लावून प्रत्येक फिरवून बघितलं. दोन जाम होती. तिसरं फिरलं, पण एका ठिकाणी जिथे जोर लागायला हवा तिथे लागेचना, दात पडलेल्या माणसाने फुंकर मारावी तसा आवाज. एका सिलिंडरला दाब धरत नाही. आम्हाला चालवायचं थोडंच आहे? साडेचार हजारांत घेतलं. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा) आणि कार्बोरेटर त्यातच.

टेंपोवाल्याने भांडुपचे आठशे घेतले. उचलायला दोन माणसं लागली, त्यातला एक मी. रात्री कंबरेला बाम.

१० नोव्हेंबर, रविवार

डिझेलच्या घमेल्यात अर्धा दिवस गेला. वर्षानुवर्षांचा काळा चिकटा ब्रशने निघत नव्हता, शेवटी पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. भाचीने जुना ॲप्रन घातला होता, तो आता टाकायचा.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडलं. एक आणि दोन नंबरचे व्हॉल्व्ह राखाडी-तपकिरी, बरे. तीन नंबरच्या एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा गायब. जळलेला. फुंकर तिथून येत होती. भाचीने विचारलं की पोलादाचा व्हॉल्व्ह जळतो कसा. तिला व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक दाखवली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लाल होण्याच्या जवळ जातो. ती उष्णता बाहेर जायला मुख्य वाट म्हणजे बंद असताना बैठकीला टेकलेली ती बारीक गोल कड. तिथे नीट टेकला नाही की उष्णता जायला जागा राहत नाही, वर त्याच फटीतून पेटलेला वायू घुसत राहतो. मग गॅसकटरने पत्रा कापावा तसा तो कापला जातो.

नीट का टेकला नाही, हे आज कळलं नाही.

व्हर्निअरने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला: ६८.५ मिलिमीटर. पिस्टन वर-खाली किती जातो ते डेप्थ गेजने: ७२. भाचीला म्हटलं, चल, सीसी म्हणजे काय ते काढ. त्रिज्या ३४.२५, वर्ग, गुणिले पाय, गुणिले ७२. एका सिलिंडरचे २६५.३ घन सेंटिमीटर. तीनचे ७९६. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "म्हणजे हे गाडीच्या कागदावर लिहिलेलं खरंच आत असतं?"

१६ नोव्हेंबर, शनिवार

पिस्टन काढले. प्रत्येकावर तीन रिंगा: वरच्या दोन दाब धरायला, खालची भिंतीवरचं तेल पुसून काढायला. रिंग पूर्ण गोल नसते, एक बारीक फट असते. तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून ती ठेवलेली. भाचीने फट फीलर गेजने मोजायचा प्रयत्न केला आणि रिंग तिच्या हातातून उडून लेथच्या बेडखाली गेली. अर्धा तास शोधकाम.

क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या वर-खाली जाण्याने फिरणाऱ्या दांड्याचे) तीन वाकवे एकमेकांपासून १२० अंशांवर. फायरिंग ऑर्डर, म्हणजे पेटण्याचा क्रम, १-३-२. वहीत तिने असं मांडलं: प्रत्येक सिलिंडरचं एक चक्र म्हणजे चार फेऱ्या, शोषण, दाब, स्फोट, निकास. त्यासाठी क्रँकचे दोन वेढे, म्हणजे ७२० अंश. तीन सिलिंडर, म्हणून दर २४० अंशांनी एक स्फोट. आता गंमत इथे आहे. स्फोटाची फेरी फक्त १८० अंश चालते. म्हणजे दोन स्फोटांमध्ये ६० अंश कुणीच ढकलत नाही. तेव्हा इंजिन चालतं कशाच्या जोरावर? मागच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या. चार सिलिंडरमध्ये हा खड्डा नसतो, एक संपला की दुसरा सुरू. आठशे न्यूट्रलला उभी असताना जी किंचित थरथरते, तिच्यामागे हेही एक कारण आहे.

भाचीचा तक्ता: पूर्ण श्वासात एका सिलिंडरला जेवढी हवा मिळते तिला पेट्रोल लागतं साधारण अर्धा थेंब. हे मला तिने सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही, म्हणून पुन्हा हिशेब केला. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. २६५ सीसी हवा म्हणजे एक तृतीयांश ग्रॅमहूनही कमी. बरोबर आहे, अर्धा थेंब. आणि उलट बाजूने: एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९ घनमीटर हवा. ताईच्या दहा बाय दहाच्या खोलीतली तिसरा हिस्सा हवा एका लिटरने खाल्ली. चौकटीत मोठ्या अक्षरात लिहिणार आहे म्हणते.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी शाई लावून आलो, दुपारी कापायला बसलो. भाचीला आज बोलावलं नाही, ग्राइंडर आणि नववीतली मुलगी एका खोलीत नकोत.

ब्लॉक ओतीव लोखंडाचा. चार इंची ग्राइंडरच्या चाकाने कापला जातो, पण धूळ काळी, शिसपेन्सिलीसारखी, नाकात बसते. टेबलासमोर मुलं ज्या बाजूने उभी राहतील त्या बाजूने एक आणि दोन नंबरला खिडक्या, तीन नंबर अखंड ठेवला. बाहेरची भिंत गेली की मध्ये पाण्याची पोकळी, तिच्या आत सिलिंडरची खरी भिंत. पोकळीतून गंजाचा लाल चिखल निघाला, तांब्याभर तरी असेल. पेट्रोलमधली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ताकद क्रँकवर येते. बाकीची याच पाण्यातून रेडिएटरला आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. पोकळी निळी रंगवायची.

हेड ॲल्युमिनियमचं. त्यावर ग्राइंडरचं चाक मेणबत्तीसारखं चोंदतं. हॅक्सॉ आणि थोडं डिझेल, हळूहळू. मनगट गेलं.

आणि मग मूर्खपणा. पिस्टन रिंगांसकट परत टाकला, क्रँक फिरवला. पिस्टन खिडकीजवळ आला आणि टक! वरची रिंग तुटली. डोक्यात प्रकाश पडला तेव्हा उशीर झाला होता. रिंग स्प्रिंगसारखी सतत बाहेर ढकलत असते, तिला आवरून धरते ती सिलिंडरची भिंत. भिंत कापली की रिंग खिडकीतून बाहेर डोकावणार आणि कडेला अडकणारच. सव्वीस वर्षं बोअर कापले, पण कापलेल्या बोअरमध्ये पिस्टन कधी चालवला नव्हता.

उपाय: रिंगा दाबून खाचेत अरल्डाइटने चिकटवल्या, वर सुतळी आवळून ठेवली. रात्रभर सुकू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार

रिंगा बसल्या. खिडकीच्या कडा कानशीने घासून गोल केल्या. आता पिस्टन लोण्यासारखा जातो, कारण त्याचं दाब धरायचं काम आम्ही काढून घेतलंय.

दुपारी टायमिंग बेल्ट. क्रँकच्या पुलीला जेवढे दात, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, उंचवटे असलेल्या दांड्याच्या) पुलीला त्याच्या दुप्पट, म्हणून क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा. भाचीने आधी दात मोजले, मग म्हणाली, "प्रत्येक व्हॉल्व्ह दोन वेढ्यांत एकदाच उघडायचा असतो ना, मग बरोबर आहे." मला काहीच समजवावं लागलं नाही, थोडं वाईट वाटलं.

खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, फिरवलं. पिस्टन निकासाच्या फेरीत अर्ध्यावर आला आणि इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह उघडायला लागला. हे काही खरं नाही. इनटेक पिस्टन वर पोचता-पोचता उघडायला हवा. पुन्हा खोललं. कॅमच्या पुलीवर दोन खुणा निघाल्या. एक कंपनीची, ओतीव, चिकट्याखाली झाकलेली. दुसरी कुणा मेकॅनिकने छिन्नीने मारलेली, आणि आम्ही तीच धरली होती. कधीतरी, कुठल्यातरी पुलाखालच्या गॅरेजात, कुणीतरी आपल्या सोयीसाठी मारली असेल. खिडकी नसती तर कळलंही नसतं. चालत्या गाडीत एवढी चूक झाली असती तर ती सुरूच झाली नसती आणि मी दिवसभर कार्बोरेटरला शिव्या घातल्या असत्या.

इनटेक पिस्टन तळाला पोचल्यावरही लगेच बंद होत नाही, थोडा उघडाच राहतो. भाचीला ही चूक वाटली. तिला विरार लोकलची आठवण करून दिली. दादरला गर्दी आत शिरायला लागली की गाडी हलली तरी मागचे ढकलत आत येतच असतात. हवेलाही वेग असतो, पिस्टन वळला तरी ती काही क्षण आत येत राहते. तेवढी फुकटची हवा घ्यायची आणि मग दार लावायचं.

हँडल फिरवताना एक गोष्ट हाताला कळते, डोळ्यांना नाही. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबतो तेव्हा हँडल जड होतं, आणि उंचवटा ओलांडला की स्प्रिंग उलट कॅमला ढकलते, हँडल पुढे उडी मारतं. सहा व्हॉल्व्ह, सहा धक्के. भाचीने डोळे मिटून फिरवलं आणि कुठला व्हॉल्व्ह बंद झाला ते ओळखायला लागली.

३० नोव्हेंबर, शनिवार

तीन नंबरच्या हेडमध्ये (हे कापलेलं नाही) ॲक्रिलिकची पट्टी बसवली, दहा मिलीच्या सिरिंजने तेल सोडून पोकळी मोजली. तुटका व्हॉल्व्ह ग्रीसने बुजवला होता. २९.५ मिली. हेड आणि ब्लॉकमधल्या गॅसकेटच्या जाडीचे वर साडेचार. एकूण ३४. पिस्टन खाली असताना त्यात २६५ मिळव आणि ३४ ने भाग. पावणेनऊच्या आसपास. माहितीपत्रकात ८.७ आहे. म्हणजे पावणेनऊ वाट्या हवा एका वाटीत कोंबायची आणि मग पेटवायची. सिरिंजचं तेल टेबलभर सांडलं, तेवढा भाग वहीत नको असं भाचीचं म्हणणं. लिहिलाच.

१ डिसेंबर, रविवार

दिवे. जुने स्पार्क प्लग ड्रिलने पोकळ केले, आत लाल एलईडी. वीज नऊ व्होल्टच्या बॅटरीची. डिस्ट्रिब्युटरची मूळ व्यवस्थाच वापरायची होती, खोटा स्विच बसवला तर मग थर्माकोल काय वाईट होता?

पहिली अडचण: दिवा लागेना. वायर तपासली, बॅटरी तपासली. मग रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला फिरता हात, काढून बघितला. रोटरचं टोक आणि टोपीतले खिळे एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये बारीक फट आहे. खऱ्या गाडीत तिथे हजारो व्होल्ट असतात, ते ही फट उडी मारून ओलांडतात. आमचे नऊ व्होल्ट फटीकाठी उभेच राहिले. रोटरच्या टोकाला पितळेची पातळ पट्टी झाळून लावली, खिळ्याला घासत जाईल अशी.

दुसरी: पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जोडलेले असताना दिवा विझलेला आणि उघडले की लागलेला पाहिजे, कारण खरी ठिणगी पॉइंट उघडतात त्याच क्षणी पडते. कॉइलमधला प्रवाह तोडला की कॉइल उलटून उठते. म्हणून पॉइंट दिव्याला समांतर जोडले, अलीकडे एक रेझिस्टन्स. पॉइंट मिटले की वीज सोप्या वाटेने, उघडले की दिव्यातून. संध्याकाळी सहाला १-३-२, १-३-२ असे तीन दिवे ओळीने लागायला लागले. चहा सांगितला.

मग भाची म्हणाली, "मामा, चुकलंय."

पुलीवरची खूण तिने स्वतः पांढऱ्या रंगाने रंगवली होती, त्यामुळे तिची नजर तिथेच होती. खूण शून्यावर येण्याआधी, चांगली बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढी अलीकडे असतानाच दिवा लागत होता. म्हणजे पिस्टन अजून वर चढतोय आणि आपण वरून पेटवून दिलं. तो उलटा ढकलला नाही का जाणार? मी पटकन 'असंच असतं' म्हणून गेलो. ते तिला आवडलं नाही, आणि खरं तर मलाही.

७ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर तो प्रश्न डोक्यात. आज आधी मोजून घेतलं. प्लगच्या भोकातून पिस्टनवर डायल लावला. दिवा लागतो तेव्हा पुलीवर ८ अंश बाकी असतात आणि पिस्टन वरच्या टोकापासून फक्त ०.४५ मिलिमीटर खाली. अर्धा मिलिमीटरही नाही. खिडकीतून बघणाऱ्याला तो पोचलेलाच दिसतो. टोकाजवळ पिस्टन जवळजवळ उभा असतो, झोका उंच जाऊन क्षणभर थांबतो तसा. पुली मात्र फिरतच असते.

मग हिशेब. आपण 'स्फोट' म्हणतो तो खरा स्फोट नाही. प्लगपाशी ठिणगी पडते, तिथून ज्योत पसरत भिंतीपर्यंत जाते, गवताला कडेने आग लागावी तशी. याला अंदाजे दोन मिलिसेकंद धरले. न्यूट्रलला क्रँकचे मिनिटाला ९०० वेढे असतील तर दोन मिलिसेकंदांत क्रँक ११ अंश फिरतो. ३००० वेढ्यांना तेवढ्याच वेळात ३६ अंश! पिस्टन वर पोचल्यावर काडी लावली, तर आग पूर्ण भडकेपर्यंत तो खाली पळालेला असेल आणि दाब त्याच्या पाठीवर हलकेच पडेल. दाब सर्वांत जास्त हवा तो टोक ओलांडल्यावर साधारण १०-१५ अंशांवर, क्रँकचा हात ढकलण्याजोगा तिरका झाल्यावर. म्हणून काडी आधी लावायची, आणि गाडी जितकी जोरात, तितकी जास्त आधी. (अगदी त्या प्रमाणात नाही. वेग वाढला की आतली हवाही जास्त घुसळते आणि ज्योत जलद पळते. नाहीतर ६००० वेढ्यांना ७२ अंश आधी पेटवावं लागलं असतं.)

हे 'जास्त आधी' कोण ठरवतं ते डिस्ट्रिब्युटरच्या पोटात सापडलं. पॉइंटच्या पाटीखाली दोन वजनं आणि दोन नाजूक स्प्रिंगा. वेढे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंटचा कॅम थोडा पुढे वळवतात. भाचीने चिमट्याने वजनं पूर्ण बाहेर ओढून धरली, मी हँडल फिरवलं. दिवा आणखी २० अंश आधी लागला. डायलवर साडेपाच मिलिमीटर. हे डोळ्यांना खिडकीतूनही दिसतं. ना संगणक, ना सेन्सर. दोन लोखंडी कानातले आणि दोन स्प्रिंगा.

ती ओरडली नाही वगैरे, चिमटा धरून तशीच उभी राहिली. "पुन्हा फिरव," एवढंच.

८ डिसेंबर, रविवार

रोटरची पट्टी तुटली, नवीन रोटरसाठी पुन्हा सीएसटी रोड. या वेळी भाची सोबत. जळलेला व्हॉल्व्ह खिशात घेऊन गेलो होतो. चाचांनी चष्मा वर केला, व्हॉल्व्हची कड बोटाने चाचपली आणि आमच्या डिस्ट्रिब्युटरच्या फोटोकडे बघितलं. क्लॅम्पखाली जुना ओरखडा आणि आताची जागा यांत अंतर होतं.

"गॅस पे चली हुई गाडी है."

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून किट बसवलं की टायमिंग आणखी आधी करावं लागतं. कुणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून ते केलं होतं. गॅस कोरडा. व्हॉल्व्हच्या बैठकीवर आपटणाऱ्या कडेला पेट्रोलचा ओलावा मिळत नाही, बैठक झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटमधली (कॅमकडून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली) फट खाऊन टाकतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. टॅपेट वेळेवर सेट केले असते तर व्हॉल्व्ह वाचला असता. चाचांच्या मते टॅक्सीवाले टॅपेटचा आवाज यायला लागला की आणतात, पण या दुखण्यात आवाज वाढत नाही, कमी होतो. "आवाज बंद हुआ, मतलब बीमार है." पुढे स्वतः कसं टायमिंग लावतात तेही सांगितलं: डिस्ट्रिब्युटर सैल करायचा, इंजिन चालू ठेवून कान लावत फिरवायचा, चढावर खटखट ऐकू आली की थोडा मागे. भाचीने विचारलं, "चाचा, कितने डिग्री?" ते म्हणाले, "डिग्री मालूम नहीं बेटा, खटखट मालूम है."

१० नोव्हेंबरच्या नोंदीतला प्रश्न असा आज सुटला. जळलेला व्हॉल्व्ह आता पाटीवर वेगळा लावणार आहोत. आधी फेकायचा होता.

१४ डिसेंबर, शनिवार

रंग. पाण्याची पोकळी निळी, इनटेक पिवळा, एक्झॉस्ट लाल, तेलाचे मार्ग हिरवे. बेअरिंगांना ग्रीस भरलं. खऱ्या इंजिनात क्रँक तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, तो थर पंपाच्या दाबाने आणि वेगाने टिकतो. हाताने फिरवताना दोन्ही नाहीत. नागदेवीहून आणलेली ॲक्रिलिकची जाळी बेल्टवर बसवली. मुलांची बोटं.

तक्त्यावर तिने वर लिहिलंय: १८७६, निकोलाउस ओटो, चार फेऱ्यांचं इंजिन. २९ जानेवारी १८८६, कार्ल बेन्झ, मोटारगाडीचं पेटंट. खाली अर्धा थेंब आणि दहा बाय दहाची खोली.

२१ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन. टेंपो, दोन हमाल, शाळेचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. तिथे वर्णन करण्यासारखं काही नाही, फक्त पायऱ्या मोजल्या: चव्वेचाळीस.

गर्दी झाली. बहुतेक मुलांना दिव्यांपेक्षा हँडलचे धक्के आवडले. परीक्षक सरांनी विचारलं की ठिणगी आधी का. भाचीने चिमटा काढला, वजनं ओढली, सरांनाच हँडल फिरवायला लावलं. त्यांनी तीनदा फिरवलं. नंबर कोणता आला ते संध्याकाळी कळलं: दुसरा. पहिला आला तो सांडपाणी शुद्ध करायचा प्रयोग. वासासकट होता, त्याला नंबर मिळायलाच हवा होता.

घोळ दुपारी झाला. तिसरी-चौथीतल्या एका मुलाने हँडल उलटं फिरवलं. खुशाल दहा-बारा वेढे. उलट्या इंजिनात एक्झॉस्टकडून श्वास आत येतो आणि इनटेककडून बाहेर जातो. तो बघत होता आणि मोठ्यांना सांगत होता की धूर कार्बोरेटरमधून निघतो. दोन आयांनी ऐकून मान डोलावली. शिवाय रोटरची पट्टी उलट्या दिशेने खिळ्यात अडकून पुन्हा वाकली. भाचीने तासभर हँडलजवळ पहारा दिला, जेवली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

इंजिन शाळेला द्यायचं ठरलं. त्यांना प्रयोगशाळेत ठेवायचंय, भाचीची हरकत नाही, पण तिची अट आहे: हँडल उलटं फिरता कामा नये. बराच वेळ रॅचेटचा विचार केला. मग गाळ्याच्या दारात उभ्या असलेल्या पोऱ्याच्या सायकलकडे लक्ष गेलं. मागच्या चाकाचं फ्रीव्हील. पुढे फिरवलं की पकडतं, मागे फिरवलं की कटकट करत मोकळं सुटतं.

उद्या एक जुनं आणायचं. लेथवर त्याला बुश करून हँडलच्या शाफ्टवर बसवायचं. पट्टी या वेळी फॉस्फर ब्राँझची.